बाबांचे पुढचे दात

निकाल लागला त्या दिवशी आईने पेढे आणून ठेवले नव्हते, हे मला तिचं फार मोठं शहाणपण वाटतं. मागच्या वर्षी आणले होते. मागच्या वर्षी निकाल बघितल्यावर ते पेढे आम्ही तिघांनी मिळून खाल्ले, रोज एकेक, तोंडं पाडून, कारण वाटता येत नव्हते आणि टाकवत नव्हते. यंदा, दुसऱ्या खेपेला, मार्क वाढले. पण वाढून वाढून जिथे पोचले तिथे सरकारी मेडिकलची जागा थोडक्यात हुकत होती आणि सरकारी डेंटलची नक्की मिळण्यासारखी होती. आईने चष्मा पुसून स्क्रीनकडे पुन्हा पाहिलं आणि म्हणाली, "बरं." एवढंच.

आम्ही बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत राहतो. पूर्वज कधीतरी दक्षिणेतून काशीत आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. बाबा वैदिक आहेत. सकाळी घरी विद्यार्थ्यांना वेद शिकवायचे, नंतर महाराष्ट्रातून आलेल्या यात्रेकरूंचे विधी करायचे आणि कुठे वेदपठण असलं की तिथे जायचं, असा त्यांचा दिवस. आई शाळेत शिकवते. अशा घरातली मुलगी डॉक्टर होणार ही बातमी गल्लीत माझ्या बारावीच्या आधीच पोचली होती. ती कुणी पोचवली हे सांगत नाही, कारण बाबा हे वाचतील.

डॉक्टर म्हणजे गळ्यात नळी अडकवलेला, नाडी बघणारा, ज्याच्या दारात माणसं हात जोडून उभी राहतात तो. दात बघणारा हा आमच्या गल्लीच्या हिशेबात न्हावी आणि चष्मेवाला यांच्या मधला कुणीतरी. मी गल्लीला नावं ठेवत नाही. मलाही तसंच वाटायचं. दोन वर्षं पुस्तकं छातीशी धरून कोचिंगला जाता-येताना "काय डॉक्टरीणबाई" म्हणून हाक आली की मी खोटं खोटं रागवायचे आणि मनात सुखावायचे. आता त्याच हाकेला काय उत्तर द्यायचं, या विचाराने मी दुधाची पिशवी आणायलासुद्धा जाईना.

पण माझ्या लाजेला अजून एक पदर होता, आणि तो जास्त वाईट होता.

निकालाआधीच्या हिवाळ्यात बाबांचे वरचे पुढचे दात गेले होते. आधी एक हलला, मग त्याच्या शेजारचे. आयुष्यभर पान खाल्लेलं, हिरड्यांनी केव्हाच हात टेकले होते. दुसऱ्या कुणाचे दात पडले तर जेवणाची पंचाईत होते. बाबांची पोटापाण्याची पंचाईत झाली. 'स' आला की शिट्टी वाजायची, 'त' आणि 'द' आले की जिभेला टेकायला जागाच सापडायची नाही. आणि नेमकं त्यानंतर, चैत्रात, माझ्या परीक्षेसाठी म्हणून त्यांनी आमच्या घरी वसंतपूजा केली.

वसंतपूजा म्हणजे वैदिकांची बैठक. समोरासमोर दोन रांगा बसतात, एका रांगेने सोडलेलं पठण दुसरी रांग तिथल्या तिथे उचलते, आणि शेवटी सगळ्यांना गंध, अत्तर आणि ठंडाई. बाबांनी मोठ्याने संकल्प सोडला की कन्येला वैद्यकाच्या अभ्यासाला प्रवेश मिळावा. गल्लीतले यच्चयावत लोक दारात, जिन्यात, खिडकीत. मी ठंडाईच्या पेल्यांचं तबक घेऊन उभी होते. पठण रंगात आलं आणि बाबांच्या रांगेतून ती शिट्टी ऐकू आली. एकदा, मग पुन्हा. समोरच्या रांगेतल्या एका तरुण वैदिकाने मान खाली घालून उपरणं दातांत धरलं. त्याचे खांदे हलत होते. बाबा डोळे मिटून म्हणत राहिले. मला वाटलं जमीन दुभंगावी आणि मी तबकासकट आत जावं. तो हसला म्हणून नव्हे. बाबांनी आता थांबावं, बाकीच्यांना म्हणू द्यावं, असं माझ्या मनात आलं म्हणून.

निकालानंतर दोन-तीन दिवसांतली गोष्ट. बाबा भाजी घेऊन येत होते आणि मी त्यांच्या मागे होते. शेजारचे काका, बाबांबरोबर एकाच गुरूंकडे शिकलेले, नेहमीप्रमाणे आपल्या चबुतऱ्यावर बैठक जमवून बसले होते. त्यांनी विचारलं, बाबांनी सांगितलं. लपवणं बाबांच्या स्वभावात नाही. काकांनी मांडीवर थाप मारली. "अरे, बिनादातांचा संकल्प सोडलास ना! देवाला अर्धाच ऐकू गेला. तू वैद्यकी मागितलीस, त्याने दात देऊन टाकले. लेओ, अब उखाड़ो!"

सगळी बैठक हसली. बाबाही हसले, तोंडावर हात ठेवून. काका मनाने वाईट नाहीत. माझ्या तापात रात्ररात्र बसलेले आहेत. पण त्यांना कळलं नाही की त्यांनी थट्टा कुणाची केली. मंत्रातला एक वर्ण चुकला तरी फळ उलटं मिळतं, हे बाबा नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात बजावतात. त्यांचा त्यावर विश्वास आहे, जसा माझा न्यूटनच्या नियमांवर असायला हवा होता.

घरी आल्यावर त्यांनी पिशवी ठेवली आणि आईला म्हणाले, "खरंच बोलला तो. पोरीची दोन वर्षं माझ्या तोंडाने खाल्ली."

मी तिथेच होते. मी म्हटलं, "बाबा, काहीतरी काय बोलता! माझं फिजिक्स वाईट गेलं. सोपे प्रश्न चुकले. तुमच्या दातांचा काय संबंध?"

"चुकले कारण चुकायचे होते," बाबा म्हणाले. "फळ आधी ठरतं. कारण मागून सापडतं."

यावर कुठल्या कोचिंगमध्ये उत्तर शिकवतात मला माहीत नाही. मी ओरडले, पाय आपटले, त्यांना उत्तरपत्रिकेची नक्कल दाखवली. त्यांनी ती उपरण्याच्या टोकाने धरून शांतपणे बघितली आणि परत दिली. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी विद्यार्थ्यांना काकांकडे पाठवलं. "मी शिट्टी वाजवली तर ही पोरंही शिट्टी वाजवतील, आणि पुढे यांचे विद्यार्थी," म्हणाले. पठणाचं बोलावणं आलं तर घसा बसलाय म्हणून सांगू लागले. यात्रेकरूंचे विधी तेवढे करायचे, तेही तोंडापुढे उपरणं धरून. आमच्या घरी सकाळी आवाज असतो, मी जन्मल्यापासून आहे. तो बंद झाला. मी अभ्यास करताना त्या आवाजाला कंटाळून कानात बोळे घालायचे. आता नुसता पंखा ऐकू यायचा आणि माझं चित्त लागत नव्हतं.

इकडे पर्याय भरायची मुदत जवळ येत होती. कॉलेजांची यादी संगणकावर भरून कुलूप लावायचं. मुदतीत लावलं नाही तर जागा दुसऱ्याची. कोचिंगचे सर म्हणाले, "एक साल और." गल्लीही तेच म्हणाली. मलाही तेच हवं होतं, कारण पुन्हा परीक्षेला बसणाऱ्या मुलीला कुणी हसत नाही. तिच्याबद्दल आशा असते. डेंटल घेतलं की आशा संपली, आणि बाबांच्या शिट्टीवर शिक्का बसला. आयुष्यभर माझ्या पाटीकडे बघून लोक म्हणणार, हिच्या बापाने संकल्प चुकवला. असं सगळं मी आईला रडत सांगितलं. तिने तांदूळ निवडता निवडता ऐकून घेतलं.

"तुला ते काम आवडतंय का, हे तू अजून बोललीच नाहीस," ती म्हणाली.

मला कुठून माहीत असणार! मी दोन वर्षं डॉक्टर होत होते. डॉक्टर काय करतो हे बघितलं नव्हतं. आईच्या शाळेतल्या एका बाईंची सून रामनगरला दातांचा दवाखाना चालवत होती. आईने फोन करून टाकला. चार दिवस बसून बघ म्हणाली, आवडलं तर भर, नाही आवडलं तर मीच तुला पुन्हा अभ्यासाला बसवते. मी कबूल झाले, कारण रामनगर नदीच्या पलीकडे आहे आणि आमच्या गल्लीतलं कुणी पूल ओलांडून दात दाखवायला जात नाही. पहिल्याच दिवशी ऑटोत मागच्या गल्लीतल्या एक मावशी भेटल्या. कुठे चाललीस म्हणाल्या. "दाढ दुखतेय," मी म्हटलं. पेशंट म्हणून जायची लाज नव्हती.

दवाखाना एका कपड्याच्या दुकानावर होता. एक खुर्ची, एक बाक, लवंगेचा वास. डॉक्टरीणबाई चटपटीत होत्या. त्यांनी मला मास्क दिला आणि दिवा धरायला उभं केलं. पहिला पेशंट गुटखा खाणारा होता. त्याचं तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडेना. आत जे दिसलं ते बघून मी तोंड फिरवलं. दिवा हलला. "लाइट इधर," बाई म्हणाल्या, न रागावता. त्या माणसाने माझं तोंड फिरवणं बघितलं होतं. त्याने ओठ मिटून घेतले, अगदी बाबा मिटतात तसे, आणि पुन्हा उघडायला त्याला फार वेळ लागला. मला माझीच किळस आली. त्यानंतर मी दिवा हलू दिला नाही.

मला काम आवडलं. हे लिहायला सोपं आहे, तेव्हा कबूल करायला जड गेलं. हात, डोळे, नेमकेपणा, आणि दुखणं घेऊन आलेला माणूस त्याच बैठकीत हलका होऊन जिना उतरतो. पण बाई कुणाला सांगायला लागल्या की ही पण डेंटलला जाणार आहे, की माझ्या तोंडून आपोआप निघायचं, "नहीं नहीं, अभी तय नहीं है." एका आजींनी विचारलं, तो क्या कर रही हो यहाँ? मी म्हटलं, टाइमपास. बाईंनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

बाबांचे दात बसवता येतील, काढता-घालता येणारी छोटी कवळी, हे तिथेच कळलं. मी घरी येऊन सांगितलं तर बाबा उसळले. "तोंडात प्लास्टिक धरून वेद म्हणू? सदा तोंडात असलेली वस्तू ती. उष्टी. सोवळ्यात चालते का?"

"अहो, चष्मा घालून पूजा करताच ना," आई म्हणाली.

"चष्मा तोंडात नसतो."

आणि ते तसंच राहिलं असतं, पण आमच्याकडे पठणाचं बोलावणं तोंडी असतं. यजमानाचा माणूस दारोदार जाऊन सांगतो, उद्या अमुक ठिकाणी या. त्या संध्याकाळी तो आमच्या गल्लीत आला. आम्ही तिघं बाहेरच्या खोलीत होतो. पावलं दाराशी आली, तशी बाबांनी खाकरून घसा बसल्याची तयारी केली. पावलं थांबली नाहीत. शेजारच्या दारावर थाप पडली, काकांना बोलावणं गेलं, मग पलीकडच्या घरी. बाबा तसेच बसून होते, खाकरायला घेतलेला श्वास तसाच आत. आईने उगीच उठून दिव्याची वात सारखी केली. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. नाही म्हणण्याचा मानसुद्धा त्यांचा गेला होता.

सकाळी ते आंघोळ करून, स्वच्छ धोतर नेसून दारात उभे. "रामनगरला किती वाजता जातेस?"

पुढचे दिवस माझे मेल्याहून मेल्यासारखे गेले. बाबा खुर्चीत बसण्याआधी खुर्चीला नमस्कार करायचे. बाईंना त्यांनी विचारलं, यात हाड तर नाही ना? नाही म्हटल्यावर विचारलं, पंचगव्याने शुद्ध केलं तर रंग जाईल का? बाकावरचे लोक माना उंचावून ऐकत होते. मी दिव्यामागे तोंड लपवलं. बाईंनी गंभीरपणे सांगितलं, "पंडितजी, हल्दी से बचाइएगा, बाकी जो करना हो कीजिए." दातांचा रंग निवडताना त्या पांढरेशुभ्र दाखवू लागल्या, तर बाबा म्हणाले, बाकीच्यांसारखेच द्या, पानाचे, नाहीतर तोंडात पाहुणे बसल्यासारखे वाटतील. बाई खळखळून हसल्या. मी हसले नाही. माझ्या बापाने जरा गप्प राहावं, बाकीच्या पेशंटांसारखं, हेच मला वाटत होतं.

कवळी बसवायचा दिवस आणि पर्याय भरायचा शेवटचा दिवस एकच निघाला. यादी मी अजून भरली नव्हती. बाबांनी एका शब्दाने विचारलं नव्हतं.

बाईंनी कवळी बसवली, इकडे तिकडे घासली, पुन्हा बसवली. बोलणं तपासायला आकडे म्हणायला सांगितले. "इकसठ, बासठ, तिरसठ," बाबा म्हणाले. थोडी फुसफुस झाली. बाई म्हणाल्या ठीक आहे, दोन दिवसांत जीभ रुळेल. बाबांचं समाधान होईना. आकडे कुणीही म्हणेल, म्हणाले. बाईंनी सुचवलं, मग मंत्र म्हणा. बाबांनी दोन्ही हात कानांना लावले. पायताणं घातलेल्या माणसांत, लवंगेच्या वासात, छे. मग मला म्हणाले, मराठीत, "तू संथा दे."

संथा म्हणजे आमच्याकडची शिकवण्याची रीत. गुरू एकदा म्हणतो, शिष्य दोनदा. गुरूच्या तोंडून जसं निघेल तसंच शिष्याच्या तोंडी बसतं, म्हणून गुरूने स्पष्ट म्हणायचं असतं. मी आयुष्यात कुणाला संथा दिली नव्हती. मुलींना देतही नाहीत, मुलींकडून घेतही नाहीत.

"काय म्हणू?" मी विचारलं.

"जे गल्लीत कुणी विचारलं की तुझ्या तोंडून निघत नाही, ते," बाबा म्हणाले. "माझ्या बाजूने म्हण. माझी मुलगी दातांची डॉक्टर होणार. आणि हिंदीत. इथल्यांना कळू दे."

म्हणजे त्यांना माहीत होतं. ऑटोतली दाढ, टाइमपास, सगळं. बाकावर पाच-सहा माणसं होती. गालावर रुमाल बांधलेली एक बाई, एक रिक्षावाला, एक म्हातारं जोडपं. सगळे माझ्याकडे बघत होते. माझी दातखिळी बसली. शेवटी मी पुटपुटले, "मेरी बेटी दाँतों की डॉक्टर बनेगी."

मी वाट बघितली. "गिळलंस," बाबा म्हणाले, अगदी सकाळच्या विद्यार्थ्यांना म्हणतात त्या आवाजात. "शेवटचं अक्षर ऐकू आलं नाही. चुकीचं दिलंस तर मी चुकीचं म्हणेन. आधीच एकदा झालंय. परत."

ते थट्टा करत नव्हते. त्यांना खरोखर भीती होती की पुन्हा चुकेल. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, हात गुडघ्यावर, नव्या विद्यार्थ्यासारखे ताठ. माझ्या बापाला माझं काम सांगायची लाज कधी वाटलीच नव्हती. त्यांना फक्त आपल्या आवाजाची खात्री नव्हती. लाज सगळी माझी होती, दातांची, शिट्टीची, धोतराची, त्या खुर्चीला केलेल्या नमस्काराची, आणि ती मी गल्लीच्या नावावर खपवत आले होते.

मी मोठ्याने म्हटलं. प्रत्येक अक्षर वेगळं.

बाबांनी डोळे मिटले. पठणात स्वर वर-खाली जातो तसा त्यांचा हात वर गेला, खाली आला. "मेरी बेटी दाँतों की डॉक्टर बनेगी." पहिल्यांदा 'द' घसरला. दुसऱ्यांदा नाही घसरला. आवाज खाली कपड्याच्या दुकानापर्यंत गेला असेल. रुमाल बांधलेली बाई म्हणाली, "अरे वाह, पंडितजी."

मला पुढचं काही दिसेना. मास्क ओला झाला होता आणि दिवा अजून माझ्या हातात होता.

"रडतेस काय," बाबा म्हणाले. "पुढचं वाक्य दे."